यादीतली अडतीस हजार चारशे बारावी

मोबाइल वाजला तेव्हा रत्नमाला पोवार एका शिलाई मशीनच्या पोटात डोकं घालून बसली होती. उत्तूरच्या शिवणवर्गात चौदा मशिनी होत्या, त्यातली ही नववी. शटलमध्ये दोऱ्याचा असा गुंता बसला होता की हातातला चिमटा सोडवत नव्हता, आणि बोटं तर तेलानं माखलेली. तिनं वर्गाच्या बाईंना हाक मारली.

"बाई, बघा की काय आलंय ते. मोठ्यांदा वाचा."

बाईंनी चष्मा लावला. "'टिटवी गाडीसाठी आपण केलेल्या नोंदणीचा क्रम निश्चित झाला आहे. एकूण अर्ज अडतीस हजार चारशे सोळा. आपला क्रम...'" बाई थांबल्या.

"वाचा की हो."

"अडतीस हजार चारशे बारा."

रत्नमालाने हिसका देऊन गुंता बाहेर काढला, मशीन सुलटी केली, चाक हातानं फिरवून पाहिलं आणि मगच विचारलं, "म्हणजे माझ्या मागं चौघंच?"

टिटवी काय चीज आहे, हे त्या वर्षी आजऱ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. विजेच्या गाड्या तोवर पुष्कळ झाल्या होत्या, पण त्यांच्या किमतीतला मोठा वाटा बॅटरीचा असे आणि त्या बॅटरीतलं लिथियम दूर देशांतून येई. ताम्रपर्णी मोटर्स या जिल्ह्यातल्याच एका कंपनीनं लिथियमच्या जागी सोडियम बसवलं. सोडियम म्हणजे आपल्या मिठातला धातू. समुद्राकाठी हवा तेवढा. अडचण होती ती बॅटरीच्या आतल्या द्रवाची. त्या द्रवातून ये-जा करता करता धातूचे कण एकावर एक साचतात, त्यांचे केसासारखे काटे वाढतात आणि एखादा काटा आरपार गेला की बॅटरी पेट घेते. कंपनीच्या संशोधकांनी तो द्रवच काढून टाकला. त्या जागी चिनी मातीच्या जातीचा, पापडाहून पातळ पडदा घातला. त्यातून सोडियम सुरळीत जाई, पण काट्याला वाट मिळत नसे. गाडी दहा मिनिटांत भरायची, घाट चढून-उतरून तीनशे किलोमीटर जायची आणि तिची किंमत दोन चांगल्या मुऱ्हा म्हशींएवढी.

फक्त तो पडदा अकरा दिवस भट्टीत भाजावा लागे. घाई केली की तडकलाच. भट्टी एकच होती. त्यामुळं आठवड्याला गाड्या निघणार नव्वदच, आणि त्या हव्या होत्या अडतीस हजार माणसांना.

आता रांग कशी लावायची? पहिल्या दिवशी 'आधी येईल त्याला आधी' असं ठेवलं, तर चार सेकंदांत अकरा हजार नोंदण्या झाल्या. चार सेकंदांत माणसाचं स्वतःचं नावसुद्धा लिहून होत नाही. ती सगळी शहरातल्या दलालांच्या संगणकांची करामत होती. कंपनीनं ती यादी रद्द केली. मग चिठ्ठ्या टाकायचं निघालं. त्यावर लोक म्हणाले, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाणाऱ्यालाही एकच चिठ्ठी आणि हौसेनं फिरणाऱ्यालाही एकच? हा कुठला न्याय?

शेवटी आला तो 'फरक'. हे एक गणिती यंत्र होतं. अर्जदाराच्या परवानगीनं ते त्याच्या मोबाइलमधल्या आणि बसकार्डावरच्या वर्षभराच्या फेऱ्या आणि मोबाइलमध्ये नोंदवलेली कामं वाचायचं. संगणकात त्यानं सबंध जिल्हा उभा केला होता. रस्ते, घाट, बसच्या वेळा, बाजाराचे वार, सगळं. त्या जिल्ह्यात ते तुमचं पुढचं वर्ष हजार वेळा गाडीशिवाय चालवून बघे आणि हजार वेळा गाडी देऊन. दोन्हींत जितका फरक पडेल, तितके तुम्ही यादीत वर. वशिला नाही, पैसा नाही, बोटांची चपळाई नाही. कागदावर याच्याइतकी न्याय्य रांग कुणी पाहिली नव्हती.

संध्याकाळी रत्नमाला घरी आली. खांद्यावरची अकरा किलोची पिशवी तिनं सोप्यात ठेवली. आत पाने, पेचकस, सुया, पट्टे, तेलाच्या बाटल्या. तिचा नवरा मारुती काजूच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून संध्याकाळचा स्वयंपाक त्याच्याकडे होता. तो तव्यावर भाकरी टाकून उभा होता.

"कळलं मला, माझ्या मोबाइलवर पण आलंय," तो म्हणाला. "आणि का ते पण लिहिलंय खाली. वाचलंस काय?"

"तुम्हीच वाचा."

"'आपल्या सर्व फेऱ्या गाडीविनाही वेळेत पूर्ण होतात. अपेक्षित फरक: शून्य पूर्णांक दोन शतांश.'" मारुतीनं भाकरी उलटली. "म्हणजे शहाणपणाची शिक्षाच की ही."

एकतीस वर्षं रत्नमाला एकोणीस गावांतल्या शिलाई मशिनी दुरुस्त करत आली होती. सकाळी सातची बस, मग चालणं, मग कुणाच्या ट्रॅक्टरवर, कुणाच्या दुधाच्या टेम्पोत. सांगितलेला वार कधी चुकवला नाही. कुणी 'मशीनवाल्या मावशी येणार म्हणजे येणारच' म्हटलं की तिला अंगावर नवं लुगडं चढवल्यासारखं वाटायचं. आज तीच गोष्ट कुणीतरी तिच्या तोंडावर फेकून मारली होती. आठ वर्षांपूर्वी तिनं हौसेनं गाडीचं लायसनही काढलं होतं. त्यावरचा फोटोसुद्धा आता जुना झाला.

इतक्यात शेजारचे जयसिंग शिंत्रे हातात पेढ्यांचा पुडा घेऊन दारात उभे राहिले.

"वहिनी, तोंड गोड करा. एकसष्टावा नंबर!"

"तुमचा?" मारुतीच्या हातातला कालथा तसाच राहिला.

जयसिंगराव म्हणजे मनानं चांगला माणूस, पण जागचा हलायचा नाही. बँकेत गेले नाहीत, का? गाडी नाही. दातांच्या डॉक्टरांची वेळ चुकली, का? गाडी नाही. मेहुण्याच्या घरभरणीला आले नाहीत, तेही गाडीपायी. वर्षात त्यांनी दोनशे चाळीस कामं अशी मोबाइलमध्ये नोंदवून सोडून दिली होती आणि यंत्रानं ती एकन् एक मोजली होती. त्यात खोटं काहीच नव्हतं.

"तुमचा कितवा?" त्यांनी विचारलं.

"आमचा जरा मागं आहे," रत्नमाला म्हणाली आणि पेढा तोंडात टाकला. गोड लागला नाही.

सकाळी चहा पिता पिता तिनं मारुतीला सांगितलं, "गुरुवारी गडहिंग्लजला हरकती ऐकणार आहेत. यादी पक्की झाल्याशिवाय गाड्या निघायच्या न्हाईत. मी जाऊन विचारून येते."

"काय विचारणार?"

"ते तिथं गेल्यावर सुचेल."

गडहिंग्लजच्या सभागृहात दहाची वेळ होती. रत्नमाला साडेनऊलाच पोचली, सवयच तशी. 'फरक' जिनं तयार केलं होतं ती डॉ. शाल्मली हेरेकर स्वतः टेबलामागे बसली होती. पस्तिशीतली, बारीक चणीची, डोळ्यांवर झोप. तीन दिवस ती लोकांच्या शिव्या खात होती.

"बसा मावशी. काय हरकत आहे तुमची?"

"हरकत न्हाई. प्रश्न आहे. माझ्या मागं चौघं आहेत, ती कोण?"

शाल्मलीनं पडद्यावर पाहिलं आणि ती अवघडली. "दोघं वारलेत. एक कायमचे कॅनडाला गेलेत. आणि एकांनी चुकून अर्ज भरलाय, त्यांना गाडी नकोच आहे."

मागच्या बाकांवरची माणसं खो खो हसली. रत्नमालालाही हसू आवरेना. हसता हसताच ती म्हणाली, "म्हणजे गाडी हवी म्हणणाऱ्या जित्या माणसांत मी शेवटची."

शाल्मलीनं पडदा तिच्याकडं वळवला. त्यावर जिल्ह्याचा नकाशा होता आणि एक हिरवा ठिपका सकाळी सातला आजऱ्यातून निघून गावोगाव फिरत होता. "या तुम्ही. बघा, पाऊस असो, यात्रा असो, संप असो. तुम्ही कुठंच उशिरा नाही. मी हजार वेळा तुमचं वर्ष चालवलं, तुम्ही हजार वेळा वेळेवर. गाडी दिली तरी वेळेवरच. मी काय करू? तुमच्यात फरक पडायला जागाच ठेवली नाही तुम्ही."

तिच्या आवाजात कौतुक होतं. रत्नमाला मात्र नकाशाकडं टक लावून बघत होती. हिरव्या रेघांचं जाळं आजऱ्याभोवती पसरलं होतं, पण खाली दक्षिणेला, चंदगडच्याही पलीकडं, नकाशा कोरा होता.

"इथं घोटणवाडी आहे," तिनं बोट ठेवलं. "माझी थोरली बहीण राहते. सुलाक्का. तिकडची रेघ कुठंय?"

"रेघ नाही, कारण तुम्ही तिकडं जातच नाही. तुमच्या जुन्या नोंदी काढल्या, तर चार वर्षांत दोनदा. एक भाचीचं लग्न, एक..."

"दाजींचं बारावं," रत्नमाला म्हणाली. "व्हय. आणि जाऊ कशानं? तीन बशी बदलायच्या. परतीची शेवटची दुपारी चारला. म्हणजे मुक्काम आला. मुक्काम केला की दुसऱ्या दिवशीचं गाव चुकलं. पहिली काही वर्षं लई तळमळ व्हायची. मग मी ठरवलं, जायचंच न्हाई म्हटल्यावर तळमळायचं कशाला? तुमच्या यंत्राला ते दिसलं न्हाई काय?"

"नाही," शाल्मली हळू म्हणाली.

"विहीर दूर म्हणून जी बाई पाणीच कमी पिते, तिला तुमचं यंत्र म्हणतंय, हिला तहान न्हाई. आणि आमचे जयसिंगभावजी आहेत, ते नुसते तहान तहान करत बसतात, ते एकसष्टावे."

शाल्मलीनं पुढ्यातली वही उघडली, काहीतरी लिहिलं, खोडलं. यंत्राला तिनं जिल्ह्यातला प्रत्येक रस्ता शिकवला होता, प्रत्येक बस शिकवली होती. पण माणसाच्या फेऱ्या आणि नोंदी वाचून त्याला फक्त जे घडतं किंवा घडायचं म्हणून नोंदवलं जातं, ते कळत होतं. जे घडावंसं वाटून वाटून माणसानं सोडून दिलं, त्याची नोंद कुठल्या मोबाइलमध्ये सापडणार? आणि अशी सोडून देणारी माणसं किती असतील? यादीच्या तळाला दहा हजार जण होते. त्यातल्या सात हजार बायका होत्या, हे तिनं आकडा म्हणून पाहिलं होतं. त्याचा अर्थ तिला आत्ता लागत होता.

"मावशी, मला तीन आठवडे द्या," ती म्हणाली.

तीन आठवड्यांनी फोन आला. कंपनीकडं रस्त्यावरच्या चाचण्यांसाठी ठेवलेल्या चाळीस टिटव्या होत्या. तळाच्या दहा हजारांतून चिठ्ठ्या टाकून एकोणचाळीस जण निवडले होते. त्यांना नऊ दिवस गाडी उसनी मिळणार होती. कुठं जायचं, काय करायचं, कुणी सांगणार नव्हतं. यंत्र फक्त बघणार होतं.

"चाळीसावं नाव तुमचं," शाल्मली म्हणाली.

"माझी चिठ्ठी निघाली?"

"नाही. पण प्रश्न तुमचा होता. उत्तर शोधताना तुम्ही नसून कसं चालेल?"

गाडी आली ती मोरपिशी रंगाची, तोंड जरा वर उचललेली. कंपनीच्या माणसानं दिवसभर शेजारी बसून तिच्याकडून घाट चढवून घेतला. उतारावर गाडी आपण होऊन वेग आवरायची आणि कडेला फार गेलं की चाक हलकेच आत ओढायची. "शहाणी आहे," रत्नमालाने मारुतीला सांगितलं. "तुमच्यापेक्षा बरं ऐकते."

पहिल्या दिवशी एक विचित्रच प्रकार झाला. रोज संध्याकाळी सातला संपणारं काम दुपारी अडीचला संपलं. रत्नमाला घरी येऊन बसली. भांडी घासलेली होती, कपडे वाळत होते. तिनं पिशवीतल्या सुया आकारानं लावल्या. मग परत लावल्या.

"अगं, असं काय करतीस?" मारुती म्हणाला.

"वेळ उरलाय हो. काय करायचं त्याचं?"

"अक्काकडं जाऊन ये की."

"आत्ता?"

"मग काय मुहूर्त बघतीस?"

साठेक किलोमीटरचा रस्ता. कडेनं काजूच्या बागा, पुढं दाट झाडी, मधूनच एखादी गव्यांपासून सावध राहायची पाटी. सव्वा तासात ती घोटणवाडीत पोचली. सुलाक्का अंगणात मिरच्या वाळत घालत होती. गाडीतून धाकटी बहीण उतरलेली पाहून तिच्या हातातलं सूप खाली पडलं.

"कोण गेलं गं?" ती घाबरून ओरडली.

"कोण न्हाई गेलं अक्का."

"मारुतीराव बरे आहेत न्हवं? खरं सांग."

"सगळी धडधाकट आहेत. मी अशीच आले."

"अशीच म्हणजे?"

"अशीच. चहाला."

सुलाक्कानं तिच्याकडं पाहिलं, गाडीकडं पाहिलं, मग अंगणातल्या मिरच्यांमध्येच बसली आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. हसता हसता रडली आणि परत हसली. रत्नमाला तिच्या शेजारी बसली. दोघींच्या डोळ्यांत मिरच्यांची तिखट धूळ गेली, त्यामुळं कोण कशानं रडतंय हे शेवटपर्यंत ठरलं नाही.

चहा झाल्यावर अक्कानं माजघरातून एक मशीन ओढत आणली. वर पोतं टाकलेलं. "साऱ्या तालुक्याच्या मशिनी नीट करतीस. ही सात वर्षं बंद आहे."

"सांगितलं का न्हाईस गं?"

"सांगून? तू येणार होतीस काय?"

रत्नमालाने गाडीतून पिशवी आणली आणि कामाला लागली. पट्टा बदलला, गंज घासला, तेल सोडलं. अंधार पडायच्या आत मशीन चालू झाली. सुलाक्कानं पहिल्यांदा काय शिवलं असेल, तर मारुतीसाठी पिशवी. "काजू भरून पाठवा म्हणावं, न्हाईतर तुमच्या गाडीला आमच्या अंगणात बंदी."

तिसऱ्या दिवशी सुट्टी होती म्हणून रत्नमाला सकाळीच परत गेली, तर अक्का इरकली लुगडं नेसून उंबऱ्यात तयार.

"मला समुद्र दाखव," ती म्हणाली.

"आं?"

"सहासष्ट वर्षांची झाले. डोंगर उतरलं की समुद्र आहे म्हणतात. माझा काय त्यानं ऐवज खाल्लाय, की त्याला बघू नये?"

मारुतीला फोन गेला, तो आंबोलीपर्यंत बसनं आला, तिथून तिघं घाट उतरली. वेंगुर्ल्याला पोचायला दुपार झाली. सुलाक्का वाळूत उभी राहिली. लाट पायावरून गेली तशी खालची वाळू सरकली. तिनं रत्नमालाचा दंड गच्च धरला.

"रत्ने, जमीन चाललीय की गं."

"जमीनच चाललीय, तू न्हाईस. घाबरू नको."

"घाबरतंय कोण? अजून एक येऊ दे."

मारुती मागं नारळपाणी घेऊन उभा होता. दोन म्हाताऱ्या बहिणी गुडघाभर पाण्यात लुगडी धरून, येणाऱ्या प्रत्येक लाटेला नावं ठेवत होत्या. ही बारकी, ही आगाऊ, ही आली आली म्हणून आलीच नाही. त्यानं एक फोटो काढला, मग मोबाइल खिशात टाकला आणि नुसता बघत राहिला.

नऊ दिवस संपले. रत्नमाला गाडी परत द्यायला गेली. किल्ली तिनं टेबलावर ठेवली.

"डॉक्टरबाई, एक सांगू? राग मानू नका. एकतीस वर्षं घालून मी माझी समजूत काढली होती. तुम्ही ती नऊ दिवसांत मोडून ठेवलीत. आता उद्या सात वाजता बसला उभी राहीन तेव्हा काय करू?"

शाल्मलीनं मान खाली घातली. तिलाही हेच टोचत होतं. "मला माहीत नाही मावशी. खरंच नाही."

"असू दे," रत्नमाला म्हणाली. "टोचू दे थोडे दिवस. समजूत काढण्यापेक्षा बरं."

चाळीस जणांच्या त्या नऊ दिवसांतून यंत्र जे शिकलं, त्यानं यादी उलटीपालटी झाली. चाळिसातल्या एकतीस जणांनी गाडी मिळताच अशा वाटा धरल्या होत्या, ज्यांचा त्यांच्या मागच्या वर्षात मागमूसही नव्हता. कुणी माहेरी गेलं, कुणी सोडून दिलेल्या शिकवणीला, एक आजोबा तर रोज नाटकाच्या तालमीला. यंत्रानं त्यांच्यासारखी आयुष्यं तळाच्या दहा हजारांत शोधली आणि त्यांच्या दबलेल्या वाटांचा अंदाज बांधला. अर्जात एक नवा प्रश्नही आला: 'गाडी मिळाली तर सर्वांत आधी कुठे जाल?' दवाखान्याची गरज असलेले चारशे जण वरच राहिले. बाकीच्यांत मात्र मोठीच घुसळण झाली. रत्नमाला आली अकराशे चौसष्टावर. आठवड्याला नव्वद, म्हणजे तेरा आठवडे.

कंपनीचे मोठे व्यवस्थापक घरी आले. म्हणाले, "मावशी, यादी तुमच्यामुळं सुधारली. पुढच्या आठवड्यातली पहिली गाडी तुम्हाला देतो. छोटा समारंभ करू, पेपरात फोटो येईल."

रत्नमालाला मोह झाला नाही असं नाही. घोटणवाडीचा रस्ता डोळ्यांपुढं आला. पण ती म्हणाली, "माझ्या आधी अकराशे त्रेसष्ट माणसं आहेत. त्यातलं एक जरी उद्या वाटेत भेटलं, तर मी काय तोंड दाखवू? नंबर येईल तेव्हा येईन."

ते गेल्यावर मारुती म्हणाला, "बरोबर केलंस. पण फोटोत मी पण आलो असतो, तेवढं एक..."

जयसिंगराव मात्र खवळले होते. एकसष्टावरून ते गेले होते पाच हजारांच्या पलीकडं. तडक कंपनीत जाऊन त्यांनी भांडण काढलं, मलाही नऊ दिवस गाडी द्या, मग कळेल कुणाला गरज आहे ती. शाल्मलीनं दिली. न्याय म्हणजे न्याय.

दहाव्या दिवशी ते पोवारांच्या सोप्यात येऊन बसले. चेहरा पडलेला.

"किती फिरलात भावजी?" रत्नमालाने विचारलं.

"चार किलोमीटर."

"रोज?"

"न्हाई हो. नऊ दिवसांत. चौकापर्यंत चहाला." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "पहिल्या दिवशी बँकेत जायचं ठरवलं. गाडी दारात, किल्ली हातात. आणि मला जावंसंच वाटेना. वहिनी, मला गाडी नको होती. मला कारण हवं होतं."

मग जयसिंगरावांनाच हसू फुटलं. इतकं खरं ते आयुष्यात पहिल्यांदाच बोलले असावेत. त्यांनी त्याच आठवड्यात अर्ज मागं घेतला. आणि मग, आता काही सांगायला तोंड राहिलं नाही म्हणून, एके सकाळी चालत बँकेत जाऊन आले. दातही दाखवून आले.

रत्नमालाचे तेरा आठवडे सोपे गेले नाहीत. सातच्या बसला ती उभी राहायची आणि मन भलतीकडं पळायचं. पाचव्या आठवड्यात ती एका संध्याकाळी घरी आली, तर सोप्यात चपला काढलेल्या. आत सुलाक्का मारुतीला भाकरी पातळ कशी थापतात ते शिकवत होती.

"तू कशी आलीस?"

"तीन बशी बदलून. मुक्काम करणार आहे," अक्का म्हणाली. "तू आलीस तेव्हापासून मला घरात बसवंना. म्हटलं, रस्ता काय एकाच बाजूनं असतोय? तिकडून इकडं पण असतोयच की."

चार दिवस राहिली. जाताना म्हणाली, "मी पण अर्ज भरलाय. एकवीस हजारावा नंबर आलाय. आधी कुठं जाल म्हणून विचारलंवतं."

"काय लिहिलंस?"

"लिहिलं, आधी शिकेन तर खरी."

आणि ती शिकायलाही लागली. चंदगडच्या मोटार ड्रायव्हिंग शाळेत सहासष्ट वर्षांची विद्यार्थिनी पहिलीच. शिकाऊ परवाना मिळाल्याचा फोन तिनं गावातल्या अकरा घरांत केला.

तेराव्या आठवड्यात रत्नमालाचा नंबर आला. समारंभ नव्हता, फोटो नव्हता. तिच्या पुढं एक शिक्षक होते आणि मागं एक मेंढपाळ बाई. तिघांनी एकमेकांना किल्ल्या दाखवल्या. सोबत मारुती होता आणि आदल्या दिवशीच येऊन थांबलेली सुलाक्का. गडहिंग्लजच्या बाहेर रस्ता मोकळा लागला तशी रत्नमालाने गाडी कडेला घेतली, शिकाऊ चालकाची लाल अक्षराची पाटी मागं लावली आणि खाली उतरली.

"बस अक्का."

"मी? तुझ्या नव्या गाडीत?"

"नव्या गाडीतच शिकायचं असतं. बस."

सुलाक्कानं पदर खोचला, देवाचं नाव घेतलं आणि टिटवी हलली. ताशी अठरा किलोमीटर. मागच्या सीटवर मारुतीनं डोळे मिटून घेतले होते. दोन्ही बाजूंना ऊस डुलत होता, वर आभाळ धुतल्यासारखं. थोड्या वेळानं मागून हॉर्न ऐकू आला. मग परत. रत्नमालाने वळून पाहिलं. खचाखच भरलेली चंदगडची बस त्यांच्या मागं रांगत येत होती, आणि ड्रायव्हर खिडकीतून हात हलवत होता.

"अक्का, बस आहे मागं. जरा डावीकडं घे, जाऊ दे तिला."

सुलाक्कानं चाकावरची पकड ढिली केली नाही की नजर रस्त्यावरून हलवली नाही. पण तिचा सबंध चेहरा हसत होता.

"घेते की, वळण जाऊ दे," ती म्हणाली. "जन्मभर मी हिची वाट बघितली. दोन मिनिटं तिला माझी बघू दे."